मापाचा कपडा, मापाचे कपाट

सोलापूरच्या चाटी गल्लीतून किंवा नव्या पेठेतून संध्याकाळच्या वेळी जाताना तयार कपड्यांच्या दुकानात एक देखावा हमखास दृष्टीस पडतो. ग्राहक आरशासमोर उभा असतो. शर्टाचा रंग त्याला आवडलेला असतो, कापड हाताला चांगले लागलेले असते, किंमतही पटलेली असते. तरी चेहऱ्यावर समाधान नसते. छातीला बरोबर बसलेला शर्ट बाहीला लांब आहे आणि कमरेजवळ झोळीसारखा लोंबतो आहे. एक नंबर लहान घ्यावा, तर बाही मनगटावर नेमकी येते, पण पोटावरचे बटण ताणले जाते. अशा वेळी गादीवरचे शेठजी हाक देतात, "मास्तर, जरा इकडे या." गळ्यात टेप अडकवलेले मास्तर येतात, दोन्ही बाजूंना टाचण्या लावतात, खडूने बाहीवर खूण करतात आणि म्हणतात, "अर्ध्या तासात देतो." हातातून निसटू पाहणारा सौदा त्या अर्ध्या तासात पूर्ण होतो.

'चाटी' या जुन्या मराठी शब्दाचा अर्थच कापडाचा व्यापारी. त्या गल्लीत आणि आसपासच्या पेठांत पिढ्यान्पिढ्या कापड विकणाऱ्या घरांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते: कपडा विकला जाणे वेगळे आणि कपडा अंगाला बसणे वेगळे. मात्र दुकानात ग्राहकासाठी जे तत्परतेने केले जाते, ते स्वतःच्या घरातील पुरुषांच्या कपाटाबाबत क्वचितच केले जाते. तेथे न बसणारा कपडा मागे सरकतो आणि त्याच्या जागी नवा येतो. कपाट भरत जाते. नित्य अंगावर येतात ते मात्र त्यातले तेच चार जोड.

नंबर कारखान्याचा, देह ज्याचा त्याचा

सोलापूरचे आणि कापडाचे नाते नव्याने सांगावयास नको. १८७७ साली येथे सूत-कापडाची गिरणी स्थापन झाली. पुढे तीच 'जुनी मिल' म्हणून सर्वतोमुखी झाली. गिरण्यांचे भोंगे शांत झाले तरी माग थांबले नाहीत. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन लाभले. अलीकडच्या काळात तयार कपड्यांचा, विशेषतः शालेय गणवेशांचा उद्योग येथे वाढला आणि २०१७ मध्ये गणवेश व तयार कपड्यांच्या उत्पादकांचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शनही शहरात भरले.

हा उद्योग चालतो तो नंबरावर. कापडाचे अनेक थर एकावर एक रचले जातात, त्यांवर नमुन्याच्या खुणा केल्या जातात आणि एकाच वेळी शेकडो पुढे, पाठी, बाह्या कापल्या जातात. चाळीस नंबर म्हटले की छातीसोबत खांदा, गळा, बाही आणि उंची यांची मापेही ठरलेली असतात. त्याशिवाय कपडा स्वस्त आणि मुबलक होऊच शकत नाही. त्यात कारखानदाराचा काही दोष नाही. परंतु ज्याची छाती चाळीस आहे त्याची बाही चोवीसच असेल, असा काही निसर्गाचा नियम नाही. कोणाचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा किंचित उतरता असतो, कोणाची पाठ रुंद तर कंबर बारीक असते, आणि कोणाचे बैठ्या व्यवसायामुळे पोट पुढे आलेले असते.

आपल्याकडील नंबरांची पद्धत मुळात पाश्चात्त्य मापांवरून आलेली. भारतीय शरीरयष्टीवर आधारलेले तक्ते तयार व्हावेत म्हणून २०१८ मध्ये राष्ट्रीय पातळीवर एक मोजणी योजना जाहीर झाली. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे 'निफ्ट'ने, सहा शहरांतील पंधरा ते पासष्ट वयोगटातील २५,००० स्त्री-पुरुषांची मापे यंत्राद्वारे घ्यावीत, असे तिचे स्वरूप होते. अशा प्रयत्नांतून नंबर अधिक योग्य होतील यात शंका नाही. तरीही तक्ता हा सरासरीचाच असणार, आणि सरासरीएवढा देह फार थोड्यांच्या वाट्याला येतो. तक्ता आणि माणूस यांच्यामध्ये जे अर्धा-पाऊण इंचाचे अंतर उरते, ते सुई-दोऱ्यानेच भरून काढावे लागते.

धोतर, बाराबंदी आणि शर्ट

हा प्रश्न आजोबा-पणजोबांच्या पिढीला फारसा पडला नव्हता. धोतराला नंबर नसतो. नेसणारा रोज सकाळी ते आपल्या देहाप्रमाणे बसवतो. वजन चार किलोंनी वाढले वा घटले तरी निऱ्या तेवढ्या कमी-अधिक होतात. अभिषेकासाठी नेसावयाच्या धोतर-दुपट्ट्याचे आजही तसेच आहे. न शिवलेले वस्त्र कोणालाही तोकडे पडत नाही.

सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वजांबरोबर चालणारे मानकरी आणि भक्त पांढरीशुभ्र बाराबंदी घालतात, हे सोलापूरकरांना सांगावयास नकोच. बाराबंदी शिवलेली खरी. पण बटणांऐवजी तिला बंद असतात, आणि बंद सैल वा घट्ट बांधता येतात. म्हणजे अंगाप्रमाणे कमी-जास्त होण्याची सोय त्या शिवणीतच ठेवलेली असते. शर्ट-पँट मात्र एकदा शिवली की तिचे माप ठरून जाते. देह बदलतो, कपडा बदलत नाही. तो बदलायचा तर शिंप्याकडेच जावे लागते.

याच जिल्ह्यातील पंढरपूरशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले ते संत नामदेव शिंपी कुळातील. कात्री, गज, सुई आणि दोरा ही या मातीत हलकी साधने कधीच मानली गेली नाहीत.

शर्टात काय होते, काय होत नाही

कपडा दुरुस्तीला देण्यापूर्वी किंवा नवा विकत घेण्यापूर्वी काही गोष्टी ठाऊक असाव्यात. त्यांत पहिली खांद्याची. शर्टाच्या बाहीची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकावर यावयास हवी. ती दंडावर उतरत असेल तर तो शर्ट दुरुस्तीच्या आशेने घेऊ नये. खांदा आत घ्यावयाचा म्हणजे बाही उसवून काढावी लागते, मुंढा नव्याने कापावा लागतो आणि बाही पुन्हा बसवावी लागते. हे काम होत नाही असे नाही; पण त्याची मजुरी साध्या शर्टाला परवडत नाही आणि सफाई प्रत्येक हाताला साधत नाही. म्हणून तयार शर्ट निवडताना आधी खांदा आणि गळा पाहावा, मग छाती. बाकीचे मास्तरांवर सोपवता येते.

अंगातील ढगळपणा कमी करणे हे सर्वांत सोपे काम. बाहीच्या खालून कमरेपर्यंत जाणारी बाजूची शिवण आत घेतली की शर्ट अंगासरसा होतो. कापड फारच जास्त असेल तर पाठीवर दोन उभे टक घालतात. पूर्ण बाही लांब असेल तर कफ उसवून बाही खालून कमी केली जाते. मात्र एक-दीड इंचापलीकडे गेल्यास कफाजवळची चिरलेली पट्टी तोकडी पडते. शर्ट बाहेर सोडून वापरणाऱ्यांनी उंची कमी करून घेण्यास हरकत नाही, पण खालच्या कडेची गोलाई राखण्याविषयी आवर्जून सांगावे. गळा घट्ट असेल तर बटण पाव इंच सरकवता येते. त्याहून अधिक अपेक्षा कॉलरकडून ठेवू नये.

एक जुनी रीत आज विसरली जात आहे. शर्टाचे अंग धडधाकट असते आणि कॉलरची घडी तेवढी विरते. पूर्वी अशी कॉलर उसवून, उलटवून पुन्हा बसवली जाई. आतली कोरी बाजू वर येई आणि शर्ट आणखी एक-दोन वर्षे पेढीवर दिमाखाने वावरे. हे काम करणारे हात अद्याप आहेत. विचारणारे कमी झाले आहेत.

पँटीची बाब

पँटीच्या कमरेची दुरुस्ती मागच्या मधल्या शिवणीतून होते. ही शिवण उसवून कंबर एक-दोन इंच आत घेता येते. त्याहून अधिक घेतली तर मागचे दोन खिसे एकमेकांच्या अगदी जवळ येतात आणि पँट विचित्र दिसू लागते. कंबर वाढवावयाची असल्यास आतील दाब, म्हणजे शिवणीच्या आत राखलेले जादा कापड, किती आहे ते आधी उलटून पाहावे. शिंप्याने बेतून शिवलेल्या पँटीत हा दाब बहुधा पुरेसा असतो. तयार पँटीत तो कमी असतो, कधी कधी नसतोच. शिवाय जुनी पँट सैल केली की आधीच्या शिवणीची रेघ आणि न विटलेल्या कापडाचा गडद पट्टा दिसतो. गडद रंगात हा फरक अधिक उठून दिसतो.

मांडी आणि पाय आतल्या-बाहेरच्या शिवणींतून कमी करता येतात. खालची मोहरी लहान करणे तर नेहमीचेच काम. पण आसन, म्हणजे कमरेपासून दोन पायांच्या जोडापर्यंतची खोली, तोकडे असेल तर ते वाढत नाही. अशी पँट पायात सुंदर दिसली तरी बसताना त्रास देते, आणि व्यापाऱ्याचा दिवस तर बसण्यातच जातो.

उंची कमी करण्यापूर्वी सुती पँट एकदा धुऊन घ्यावी, कारण पहिल्या धुण्यात सूत आटते. वाढत्या वयाच्या मुलाच्या गणवेशात जादा कापड कापून न टाकता आत दुमडून ठेवावे. पुढच्या जूनमध्ये तेच इंचभर कापड नव्या पँटीचा खर्च वाचवते.

माप देताना

आरशासमोर ताठ उभे राहून घेतलेले माप हे अर्धेच माप होय. ज्याला गादीवर मांडी घालून बसावयाचे आहे, त्याने दुकानातच मांडी घालून पाहावे. गुडघ्यावर कापड ताणले जाते का, कंबर मागून खाली सरकते का, पोटावरच्या दोन बटणांमध्ये फट पडते का, हे बसल्यावरच कळते. जमाखर्चाच्या वहीवर किंवा संगणकावर वाकताना हात पुढे जातो तेव्हा बाही किती वर चढते, तेही पाहावे. दुचाकीवरून फिरती करणाऱ्याने दोन्ही हात पुढे धरून पाठीवरचा ताण जोखावा. पँटीची उंची नेहमीच्या पादत्राणांसह द्यावी. चपलेवर दिलेले माप बुटावर तोकडे पडते.

सोलापूरच्या उन्हाळ्याचाही विचार माप देताना व्हावा. पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा अंगाला चिकटणारा शर्ट कितीही शोभिवंत असला तरी तासाभरात नकोसा होतो. नीट बसणारा कपडा म्हणजे तंग कपडा नव्हे. अंग आणि कापड यांच्यामध्ये हवा खेळावी, पण कापडाचा पसारा दिसू नये, इतपत माप या गावाला मानवते. हल्लीच्या तरुणांनी आणि त्यांच्या वडिलांनी या बाबतीत एकमेकांकडून थोडे थोडे घ्यावे: वडिलांनी ढगळपणा थोडा सोडावा, मुलांनी तंगपणा.

उतारवयातील शर्ट

दुरुस्तीची खरी गरज तरुणांपेक्षा वृद्धांना अधिक असते. पण त्यांच्याविषयी बोलले जाते ते फार कमी. अनेक घरांत दिसणारे चित्र साधारण असे असते. चाळीस-पन्नास वर्षे पेढी सांभाळलेले गृहस्थ एखाद्या आजारातून उठतात. प्रकृती सुधारते, परंतु उतरलेले वजन भरून येत नाही. गळ्याभोवती कॉलर हाराप्रमाणे सैल पडते, खांदे बाहीत बुडतात, पट्टा शेवटच्या छिद्रावर येऊन कमरेला चुण्या पडतात. दुकानात येणारा प्रत्येक ओळखीचा मनुष्य आपुलकीने विचारतो, "काका, तब्येत बरी नाही का?" दिवसातून दहा वेळा हा प्रश्न ऐकणारा माणूस हळूहळू दुकानात येणेच टाळू लागतो. घरच्यांना वाटते, अशक्तपणा असेल. वास्तविक औषधाने जे सुधारले आहे, ते कपडा नाकारत असतो.

मुलगा प्रेमाने नवे शर्ट आणतो. ते घडी न मोडता कपाटात पडून राहतात. ज्यांनी आयुष्यभर कपड्यांच्या जोडांची मर्यादा पाळली, त्यांना जुने धडके असताना नवे अंगावर घालणे रुचत नाही. शिवाय जुन्या शर्टाचा स्पर्श ओळखीचा असतो. त्याच्या खिशात चष्मा आणि पेन नेमके बसतात.

अशा वेळी मास्तरांना घरी बोलावणे हाच उत्तम उपाय. "काका, हात सैल सोडा, ताठ उभे राहू नका," असे म्हणून जाणता शिंपी माप घेतो, कारण वाकलेल्या पाठीचे माप ताठ उभे राहून चुकते. पाठ वाकली की शर्ट मागून आखूड व पुढून लांब दिसतो. पुढची कड थोडी वर घेतली की तो पुन्हा सरळ दिसतो. कॉलरचे बटण सरकवावे, बाजू आत घ्याव्यात. पँटीच्या कमरेत मागच्या बाजूला इलॅस्टिक घातले तर पुढे वजन कमी-अधिक झाले तरी पुन्हा उसवावे लागत नाही. बोटांतील शक्ती कमी झालेल्यांसाठी काज किंचित मोठी करून बटणे थोडा दोरा मोकळा ठेवून लावावीत. लहान बटण लावता न येण्याची लाज कित्येक वृद्ध कोणाजवळ बोलत नाहीत.

चार शर्ट आणि तीन पँटी अशा रीतीने नीट झाल्या की तेच गृहस्थ दुसऱ्या दिवशी आपणहून पायऱ्या उतरून पेढीवर जाऊन बसतात. विचारणारे तेव्हाही विचारतात, पण प्रश्न बदललेला असतो: "काका, बरेच दिवसांनी दिसलात!"

परिमाण म्हणजेच माप

श्रावकाच्या व्रतांत भोगोपभोगांचे परिमाण सांगितले आहे. एकदा उपयोगात आणून संपते ते भोग, आणि पुनःपुन्हा उपयोगात येते ते उपभोग, असा भेद आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंडक श्रावकाचारात केला आहे. त्यासाठी त्यांनी दिलेली उदाहरणे आहेत अन्नाचे आणि वस्त्राचे. पुनःपुन्हा वापरता येणे हाच वस्त्राचा धर्म, हे त्या उदाहरणातच आले. परिग्रहाच्या मर्यादेत जे 'कुप्य' येते, त्यातही टीकाकारांनी सुती आणि रेशमी वस्त्रांचा समावेश केलेला आहे. परिमाण या शब्दाचा साधा अर्थ माप. शिंप्याच्या टेपने देहाचे माप घेतले जाते, व्रताने कपाटाचे.

ही दोन मापे परस्परांना उपकारक आहेत. दहा जोडांची मर्यादा घेतली आणि त्यांतील सहा अंगाला नीट बसत नसतील, तर चारांवर भार पडतो आणि मर्यादा मोडण्याचा मोह होतो. दहाही नीट बसत असतील तर अकराव्याची आठवण होत नाही. उलटपक्षी, दुरुस्ती होते म्हणून वाटेल ते घेत सुटणे हाही परिग्रहच. वीस अनावश्यक शर्ट मापात करून घेतले म्हणून ते आवश्यक ठरत नाहीत. दशलक्षण पर्वापूर्वी कपाट उघडून तीन भाग करणे सोपे आहे: जसेच्या तसे वापरावयाचे, दुरुस्त करून वापरावयाचे, आणि धुऊन-इस्त्री करून दुसऱ्याला द्यावयाचे. चौथा भाग, म्हणजे 'पुढे कधीतरी उपयोगी पडेल' असा, ठेवूच नये.

व्यापारी घराला हिशोबही पटावा लागतो. समजा, ९०० रुपयांचा शर्ट बसत नाही म्हणून पाच वेळा घालून बाजूला टाकला, तर एका वेळेचा खर्च १८० रुपये झाला. त्याच शर्टाच्या दुरुस्तीला १०० रुपये दिले आणि तो शंभर वेळा घातला, तर एका वेळेला दहा रुपये पडतात. मात्र कापड विरलेले असेल, शिवणीजवळ फाटू लागले असेल, तर दुरुस्तीवर पैसा घालू नये. बुडीत उधारीवर आणखी माल देण्यासारखेच ते होय.

मास्तरांची मजुरी

या साऱ्या व्यवहारात एक माणूस बहुधा दृष्टीआड राहतो. तयार कपडे आले तसे नवे कपडे शिवून घेणे घटले आणि अनेक शिंप्यांच्या वाट्याला दुरुस्तीच उरली. कोणी दुकानाच्या पायरीशी, कोणी जिन्याखालच्या जागेत यंत्र मांडून बसतो. नवा शर्ट शिवण्यापेक्षा दुसऱ्याने शिवलेला उसवून नीट करणे पुष्कळदा अधिक कौशल्याचे असते. आधीची शिवण मूळ कापडाला इजा न होता काढावी लागते, जुळता दोरा शोधावा लागतो आणि काम केल्याची खूणही दिसू द्यावयाची नसते. त्यामुळे ज्याचे काम उत्तम, त्याचे काम कोणाला दिसतच नाही, आणि मजुरी देताना ग्राहक म्हणतो, "दोन टिपा तर मारायच्या होत्या!"

तयार कपड्यांच्या व्यापाऱ्याने तरी असे म्हणू नये. त्याच्या दुकानातील परत न आलेला माल, समाधानाने पुन्हा आलेला ग्राहक, या दोहोंत मास्तरांचा वाटा आहे. 'दुरुस्ती मोफत' अशी पाटी दुकानाबाहेर लागते तेव्हा ती ग्राहकाला मोफत असते. मास्तरांचे श्रम मोफत नसतात, हे दुकानदाराने हिशोबात धरावे. मजुरी त्याच दिवशी द्यावी, दिवाळीच्या आणि लग्नसराईच्या ऐन गर्दीत काम टाकून घाई करू नये, आणि घरातील मुलांना एकदा तरी यंत्राजवळ उभे करून उसवणे, बेतणे, टीप मारणे दाखवावे. ज्याने एक शिवण उसवताना पाहिली, तो कपडा सहजासहजी टाकून देत नाही.

येत्या रविवारी कपाटातील एखादा मागे पडलेला शर्ट बाहेर काढावा, तो घालून आरशासमोर उभे राहावे, मग मांडी घालून बसून पाहावे, आणि जो इंच अडतो आहे तो मास्तरांना दाखवावा. घरात आजोबा असतील तर त्यांच्या शर्टापासूनच आरंभ करावा.